कोसंबींचे चार पानी गणित

इतिहासाच्या विद्यार्थिनीने गणितावर लिहावे, आणि तेही महाविद्यालयाच्या वार्षिकांकात, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. दहावीला गणितात जेमतेम पास झाल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला होता. बी. ए. ला इतिहास घेतला त्यात विषयाची आवड होतीच, पण गणितापासून लांब पळण्याचाही भाग होता. पुढे घडले ते उलटेच. इतिहासाचा हात धरून मी जिथे पोहोचले तिथे गणितच माझी वाट पाहत बसले होते! ते कसे घडले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मी पहिल्या वर्षाला प्रथम ऐकले. राजे, लढाया आणि सनावळ्या म्हणजे इतिहास नव्हे. माणसे काय पिकवीत होती, कोणत्या अवजारांनी पिकवीत होती, पिकलेले कोण नेत होते, हे पाहणे म्हणजे इतिहास, असे शिकवणारा हा माणूस. आमच्या सरांनी त्यांच्यावर दोन तास दिले. ते तास मी मन लावून ऐकले, कारण माझ्या घरी कोणी राजा झालेला नाही. आम्ही मूळचे जालना जिल्ह्यातले. वडील चिकलठाणा एमआयडीसीत कामाला लागले आणि आम्ही मुकुंदवाडीकर झालो. आई घरी शिलाई करते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

गेल्या वर्षी ग्रंथालयात माझी बी. एस्सी. ची मैत्रीण आनुवंशिकतेचे पुस्तक घेऊन बसली होती. जनुकांमधले अंतर कसे मोजतात, या प्रकरणात एका सूत्राला कोसंबींचे नाव दिलेले तिने मला दाखवले. हे दुसरे कोणी कोसंबी असणार, असे मी ठामपणे सांगितले. पैज लावली असती तर हरले असते. ते आमचेच कोसंबी निघाले. १९४४ साली एका इंग्रजी नियतकालिकात त्यांचा जेमतेम चार पानांचा लेख छापून आला आणि त्या चार पानांतले सूत्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते.

त्यांची जीवनकथा वडिलांपासून सुरू करावी लागते. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या साखवाळचे. शालेय शिक्षण फारसे झालेले नाही, नारळीच्या बागेची कामे पाहायची, असे त्यांचे आयुष्य होते. बुद्धाविषयी काही वाचनात आले आणि त्या माणसाला चैन पडेना. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असे भटकत, उपाशी राहत त्यांनी संस्कृत आणि पाली भाषा मिळवल्या. पत्नी आणि लहान मुलगी मागे राहिली होती, हेही सांगितले पाहिजे. ज्ञानाची किंमत नेहमी एकट्यालाच मोजावी लागते असे नाही. पुढे हेच धर्मानंद अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी बोलावले गेले.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें या गावी झाला. १९१८ साली, अकराव्या वर्षी, वडिलांबरोबर ते अमेरिकेत गेले. तिथेच शाळा झाली, आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च सन्मानासह मिळवली. गणित हा मुख्य विषय, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. मायदेशी परतल्यावर आधी काशीच्या हिंदू विद्यापीठात आणि मग अलीगढला त्यांनी गणित शिकवले. १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तिथे होते. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. आनुवंशिकतेचा तो चार पानी लेख पुण्यातल्या याच काळातला.

आता तो लेख कशाबद्दल होता, हे मला समजले तसे सांगते. चुकले तर विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते. त्या केंद्रकाला मी आपल्या ग्रंथालयाचा संदर्भ विभाग समजते. तिथली पुस्तके बाहेर नेता येत नाहीत. माणसाच्या पेशीत अशी ४६ पुस्तके म्हणजे गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. मजकूर डीएनए नावाच्या धाग्यावर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो, म्हणून तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत मावतो. या मजकुरात प्रथिने कशी घडवायची हे सांगणारे सुमारे वीस हजार परिच्छेद आहेत. तेच जनुक.

एखादे प्रथिन हवे झाले की त्या परिच्छेदाची नक्कल उतरवली जाते. आपण नाही का संदर्भ विभागात बसून वहीत उतरवून घेत, तसेच. ती नक्कल, म्हणजे आरएनए, केंद्रकाबाहेर जाते. तिथे रायबोसोम नावाचे कारागीर ती तीन तीन अक्षरे घेऊन वाचतात आणि दर तीन अक्षरांमागे एक मणी ओवावा तशी प्रथिनाची माळ तयार होते. मौज अशी की डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत ग्रंथालय एकच असते; फरक कोणते पुस्तक उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, एवढाच. एकाच ग्रंथालयात बसून कोणी वकील होतो, कोणी कवी होतो, तसेच हे.

पण १९४४ साली यातले फारच थोडे ठाऊक होते. डीएनएची रचना उलगडायला अजून नऊ वर्षे होती. जनुक कशाचे बनते हेच नक्की नव्हते. ते डीएनएचे असावे हे दाखवणारा अमेरिकेतला प्रसिद्ध प्रयोग १९४४ सालीच जाहीर झाला. तरीही जनुके गुणसूत्रावर एका ओळीत बसतात आणि त्यांचा क्रम ठरवता येतो, हे शास्त्रज्ञांना कळले होते. ते कसे? इथे मला मुकुंदवाडीचे रेल्वे स्टेशन मदतीला आले.

समजा, दोन सारख्या गाड्या शेजारशेजारच्या रुळांवर उभ्या आहेत. डबे त्याच क्रमाने लावलेले, फक्त एका गाडीचे डबे आईच्या रंगाचे आणि दुसरीचे वडिलांच्या. पुढच्या पिढीकडे निघण्याआधी दोन्ही गाड्या एखाद्या ठिकाणी तुटतात आणि मागचा भाग एकमेकींना देऊन टाकतात. म्हणून आपल्याला मिळणारी गाडी दुरंगी असते. आता जे दोन डबे अगदी लागून आहेत त्यांची ताटातूट क्वचितच होईल, आणि लांबच्या डब्यांची वारंवार होईल. म्हणजे ताटातूट किती वेळा झाली हे मोजले की डब्यांमधले अंतर कळेल! गाडी प्रत्यक्ष पाहायची गरजच नाही. ही युक्ती प्रथम सुचली ती आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकन विद्यार्थ्याला, १९११ साली. रात्रभर जागून, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून, त्याने फळमाशीच्या पाच जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मीही एकोणीस वर्षांची आहे, एवढेच नमूद करून पुढे जाते.

अडचण अशी की गाडी दोन ठिकाणीही तुटू शकते. अ, ब आणि क असे तीन डबे घ्या. अ आणि ब यांची ताटातूट शंभरात २० वेळा होते, ब आणि क यांचीही २० वेळा. मग अ आणि क यांची ४० वेळा व्हायला हवी. पण ज्या खेपेला दोन्हीकडे तुटले त्या खेपेला अ आणि क पुन्हा एकाच रंगाचे राहतात, जणू काही घडलेच नाही. दोन्ही तुटणी एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर असे शंभरात ४ वेळा घडेल. त्या चार खेपा दोन्ही विसांत धरलेल्या, म्हणून ८ वजा होतात आणि उत्तर ३२ येते. हॉल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाचे १९१९ सालचे गणित असे होते. प्रत्यक्षात मात्र एके ठिकाणी तुटले की जवळपास दुसऱ्यांदा तुटणे सहसा टळते, जणू पहिली तूट दुसरीला आडवी येते. डबे जितके जवळ तितका हा अडथळा मोठा. कोसंबींनी नेमका हा अडथळा सुटसुटीत सूत्रात बसवला. त्यांच्या सूत्राने वरच्या उदाहरणाचे उत्तर सुमारे साडेचौतीस येते. बत्तीस आणि चाळीस यांच्या मधले, आणि अनेक सजीवांत प्रत्यक्ष मोजणीच्या जवळ जाणारे. ज्वारी, कापूस, तूर यांच्या जनुकांचे नकाशे काढणारे कृषिशास्त्रज्ञ आजही अंतरे या सूत्राने काढतात. आमच्या गावाकडच्या वावरातल्या पिकांशी कोसंबींचा असाही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

हे सारे मी इतक्या चिकाटीने का समजून घेतले, याचे कारण घरचे आहे.

माझ्या थोरल्या भावाला इंजिनचालक व्हायचे होते. २०१९ च्या उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली, तेव्हा आमच्या भागातली मुले रेल्वेने जाऊन शहराच्या मुख्य स्टेशनवरून कॅनमध्ये पाणी भरून आणीत. दादा त्यांत होता. गाडीत चढता उतरता त्याला इंजिनाचे वेड लागले. पुढे त्याने कसून अभ्यास केला आणि एका भरतीची लेखी परीक्षा पास झाला. वैद्यकीय तपासणीत मात्र ठिपक्यांच्या चित्रातले आकडे त्याला दिसले नाहीत. लाल आणि हिरवा यांत तो गोंधळतो, हे तोवर आम्हाला कोणालाच कळले नव्हते. तो घरी आला आणि दोन दिवस बोलला नाही. बोलली ती आजी. आमच्या रक्तात असले काही नाही, हे सुनेच्या माहेरचे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. आई शिलाई मशीनवर मान खाली घालून बसे. मशीनचा आवाज तेवढा वाढे.

त्याच महिन्यात मी कोसंबी वाचत होते. त्यांनी इतिहास लिहिला तो केवळ टेबलाशी बसून नव्हे. पुण्याच्या आसपासची माळराने, घाटवाटा, लेणी त्यांनी पायी तुडवली. आदिमानवाची बारीक दगडी हत्यारे वेचली. गावोगावच्या म्हसोबाला आणि मातृदेवतांना शेंदूर कोण लावतो, कधी लावतो, हे त्यांनी माणसांना विचारले. जुन्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? हातोहात फिरून नाणे झिजते, म्हणून कोसंबींनी नाणी एकेक करून तराजूत तोलली आणि झिजेवरून क्रम लावला. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते त्यांनी ताडून पाहिली. नक्कल करणाऱ्याच्या हातून एक चूक झाली की तिच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती जाते. त्या चुकांवरून पोथ्यांची घराणी ओळखता येतात. १९४८ साली त्यांची चिकित्सक आवृत्ती निघाली.

नाणी, पोथ्या आणि जनुके! मला वाटते, या तिन्ही कामांत एकच बुद्धी आहे. घडून गेलेले दिसत नाही, पण ते खुणा ठेवून जाते. खुणा मोजा, त्यांचा क्रम लावा, आणि कोणाचे नाव मोठे याकडे पाहू नका.

मीही विचारायला निघाले. दिवाळीच्या सुट्टीत आईच्या माहेरी गेले. मामाला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत बसले. आईचे वडील वारून बरीच वर्षे झाली. ते मिरची तोडायला गेले की पिकलेली आणि हिरवी एकत्रच टोपलीत भरीत आणि सगळे त्यांना हसत, ही आठवण तिघांनी निरनिराळी सांगितली. मी वहीत घराण्याचा तक्ता काढला. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाला एक्स एकच मिळते, आणि ते आईकडून. आजोबांचे ते एकमेव एक्स माझ्या आईकडे आले. तिचे दुसरे एक्स निर्दोष म्हणून तिला रंग दिसतात. पण दोहोंपैकी कोणते दादाच्या वाट्याला यावे हे नाणेफेकीसारखे होते. जनुकांच्या शेजाराचा उपयोगही मला इथेच उमजला. १९३७ साली ज्युलिया बेल आणि हॉल्डेन यांनी घराण्यांचे असेच तक्ते मांडून दाखवले होते, की रंगांधळेपणाचे जनुक आणि रक्त न गोठण्याच्या रोगाचे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेले आहेत. दिसणाऱ्या शेजाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा माग काढायचा, तर दोघांमधले अंतर ठाऊक हवे. कोसंबींचे सूत्र ते अंतर देते.

म्हणजे आजीचे खरेच होते की काय? वही मिटून मी बराच वेळ स्टेशनच्या बाकावर बसले होते. ते आले आईकडूनच. मग माझ्या लक्षात आले की आजीच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. कुठून आले, हा एक प्रश्न. दोष कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तक्त्यात आहे. दुसरा प्रश्नच चुकीचा आहे. पोथीची नक्कल करताना केव्हातरी कोणाच्या हातून एक अक्षर चुकले आणि ते पुढे उतरत आले. त्याला माहेर नाही, सासर नाही, जात नाही. कोसंबींचा लेख ज्या नियतकालिकात आला त्याच्या नावातच सुप्रजननशास्त्र हा शब्द होता. चांगले रक्त आणि वाईट रक्त अशी माणसांची वर्गवारी करू पाहणारे ते शास्त्र. त्या विचाराने जगात काय अनर्थ घडवला हे दुसऱ्या महायुद्धात दिसले, आणि १९५४ साली त्या नियतकालिकाने आपले नाव बदलले. सूत्र मात्र टिकले, कारण ते कोणाला उच्च वा नीच म्हणत नव्हते. ते फक्त मोजत होते.

कोसंबींचे पुढचे आयुष्य सुखाचे झाले असे नाही. १९४५ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर पुण्यातच, डेक्कन क्वीनने रोजचे जाणे-येणे, आणि डब्यात बसून वाचन. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ आला आणि इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. पण गणितातला एक अतिप्रसिद्ध प्रश्न, रीमानचे गृहीतक, सोडवल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. १९६२ साली त्या संस्थेशी त्यांचा संबंध संपला. स्वभाव तिखट, मते स्पष्ट. मित्रही दुखावले जात. खुणा तपासून पाहण्याचा आग्रह इतरांपाशी धरणारा माणूस स्वतःच्या एका चुकीपाशी अडून राहिला, याचे मला वाईट वाटते आणि त्याच वेळी ते जवळचेही वाटतात. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साठीही गाठली नव्हती. २००८ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वडिलांकडून त्यांना काय मिळाले? अर्धी गुणसूत्रे तर मिळालीच. पण पाली भाषा गुणसूत्रातून येत नाही, पुस्तकांची ओढ येत नाही, पायी हिंडण्याची जिद्द येत नाही. ती घरातून येते, आणि घरात नसेल तर कोणीतरी पहिल्याने आणावी लागते. त्या घरात ती धर्मानंदांनी आणली. माझ्या घरात पुस्तकांचे कपाट नाही. टीव्हीच्या खालच्या फळीवर माझी सात पुस्तके आहेत, त्यांतली तीन ग्रंथालयाची.

परत आल्यावर मी वहीतला तक्ता आजीपुढे ठेवला आणि मिरचीच्या टोपलीची गोष्ट सांगितली. ती काही लगेच पटवून घेणारी बाई नाही. तिने मात्र नेमका प्रश्न विचारला, तो म्हणजे हे माझ्या मुलांत येईल का. मी गणित करून सांगितले. माझ्याकडे ते एक्स आले असण्याचा संभव निम्मा, आणि आले असेल तर माझ्या प्रत्येक मुलाकडे जाण्याचा पुन्हा निम्मा; म्हणजे चारात एक. लग्न ठरताना मी हे लपवणार नाही, हेही सांगितले. आजी गप्प राहिली. त्यानंतर आलेल्या-गेलेल्यांपुढे तिने रक्ताचा विषय काढलेला मी ऐकला नाही. आईने मशीन थांबवून तक्ता पाहिला, आपल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवले आणि जरा हसली.

दादा आता टर्नरचे काम शिकतो आहे. लेथवर रंगाची गरज पडत नाही, माप लागते, आणि त्याचे माप बिनचूक असते. संध्याकाळी तो अजूनही कधीकधी गाड्या पाहायला स्टेशनवर जातो. मीही त्याच्याबरोबर जाते, आणि डबे मोजते.